कपिलधार आणि छत्तीस चित्रें

बीडहून सोलापूरच्या रस्त्यास लागलें म्हणजे थोड्याच वेळांत बालाघाटाच्या रांगा जवळ येऊं लागतात. या डोंगरांस सह्याद्रीचा दरारा नाहीं. माथा सपाट, उतार खरबरीत, आणि वर्षांतले आठ महिने अंगावर गवताची काडीहि नसल्यामुळें ते उपाशी जनावराच्या पाठीसारखे दिसतात. परंतु भाद्रपदाच्या अखेरीस, चार चांगले पाऊस होऊन गेलेले असले म्हणजे, याच डोंगरांवर असा कांहीं हिरवा रंग चढतो कीं, मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढेंच समीकरण वर्तमानपत्रांतून पाठ केलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यानें गाडी थांबवून खालीं उतरावें. पालीजवळ बिंदुसरा नदीवरचें धरण लागतें. पुढें मांजरसुंब्याचा घाट. आणि त्याच बाजूस मुख्य रस्ता सोडून आंत वळलें म्हणजे दरीच्या कुशींत दडलेलें कपिलधार. बीडपासूनचें अंतर सारें वीस किलोमीटरांच्या आसपास.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत आम्ही घरचीं पांच माणसें तेथें गेलों तीं आत्यासाठीं. आत्याचें वय आज एक्याऐंशी. तिचें बालपण बीडांत गेलें. आजोबा तेथें शिक्षक होते. इ. स. १९५१ मध्यें त्यांच्या एका सहकाऱ्याजवळ बॉक्स कॅमेरा होता, आणि त्या गृहस्थांनीं कपिलधारच्या धारेजवळ बापलेकीचा एक फोटो काढला. आजोबांचें चालत्याबोलत्या वयांतलें असें तें एकच चित्र आमच्या घरांत आहे. त्यांत सात वर्षांची आत्या परकर-पोलक्यांत अगदीं ठळक उभी आहे. आजोबांचा चेहरा मात्र एका अंगास ओढल्यासारखा पुसट झाला आहे. आम्ही भावंडें लहानपणापासून त्यास 'बिघडलेला फोटो' असेंच म्हणत आलों. त्याच जागीं आपला एक फोटो निघावा, एवढीच आत्याची इच्छा होती. "आणि या खेपेस नीट काढा रे," असें तिनें निघतांना बजावलें.

तें 'नीट' कोणी काढावयाचें, यावरून गाडींत वाद पेटला.

माझा थोरला पुतण्या एकोणीस वर्षांचा असून अभियांत्रिकी शिकतो. वर्षभरापासून त्यास छायाचित्रणाचा नाद लागला आहे. कपाटाच्या वरच्या खणांतून त्यानें दादांचा जुना रशियन झेनिट शोधून काढला. हा कॅमेरा म्हणजे शेरभर वजनाचा ठोकळा. त्यास बॅटरी लागत नाहीं. शटरची गति सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पांचशेंव्या भागापर्यंत हातानें फिरवून ठरवायची, भिंगाचें तोंड किती उघडायचें तेंहि हातानें, फोकसहि हातानें. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, नवशिक्यानें शिकावयाचें तर फिल्मवरच शिकावें. रोल, त्याची धुलाई आणि छपाई मिळून दीड हजार रुपये लागतात. म्हणजे छत्तीसांपैकीं एकेका फोटोस चाळीस रुपयांवर खर्च. त्यामुळें माणूस आधीं पाहतो, विचार करतो, आणि मग कळ दाबतो. मोबाइलवाले आधीं कळ दाबतात आणि विचार करीतच नाहींत.

"विचार करायला चाळीस रुपये कशाला लागतात?" सतरा वर्षांच्या पुतणीनें विचारलें.

वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आतां तुम्हीच निकाल द्या."

निकाल देण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, मी स्वतः फिल्मवर शिकलेला, किंवा खरें सांगावयाचें तर फिल्मवर न शिकलेला आहें. कॉलेजांत असतांना माझ्या हातीं अॅग्फाचा 'क्लिक थ्री' होता. देशांतच तयार होणारा तो गरीब कॅमेरा त्या काळीं पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत असे. एका रोलवर बारा चौरस चित्रें. ऊन आणि ढग अशा दोन खुणा. बाकी सारें देवाच्या हवालीं. काटकसर आमच्या हाडींमाशीं खिळलेली होती. तेव्हां कळ दाबण्यापूर्वीं विचार करण्याची सक्ति आमच्याइतकी कोणासच झाली नसेल. आणि तरीहि ज्यास फिल्म आपोआप शिकवते असें वाटतें त्यानें आमचे आल्बम एकदां पाहावे. देवळाचा कळस कापलेला, मुंजीच्या रांगेंतलीं कडेचीं माणसें अर्धीं, नव्या नवरीच्या डोक्यांतून विजेचा खांब उगवलेला. वीस वर्षें मी हेच फोटो काढीत राहिलों. चुकलेले फोटो आल्बमांत लागत नसत. ते पिंवळ्या पाकिटांत जात आणि त्यांजकडे पुन्हा कोणी पाहत नसे. माझी प्रगति कां खुंटली याचें उत्तर त्या पाकिटांत होतें. पण तें मला कपिलधारला जाऊन आल्यावर कळलें.

दरींत उतरूं लागतांच हवा बदलते. वर माळावर घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि दोन वळणें खालीं आलों नाहीं तोंच अंगास ओला गारवा लागतो. उतारावर सीताफळाचीं झाडें. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण त्या दिवशीं फळें अजून डोळे न उघडलेलीं, हिरवीं आणि कठीण होतीं. हीं पिकेपर्यंत या तालुक्यांतलीं किती तरी घरें कुलूपबंद होतील आणि माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या वाटेस लागतील. हिरव्या डोंगरावर भाळून जाणाऱ्या पाहुण्यास हें दिसत नाहीं, कारण तो भाद्रपदांत येतो आणि तीं माणसें दसरा-दिवाळीच्या सुमारास जातात.

कपिलधार हें नांव लोक कपिल मुनींच्या तपाशीं जोडतात. परंतु या स्थानाचें आजचें माहात्म्य आहे तें मन्मथस्वामींच्या समाधीमुळें. वीरशैव लिंगायत परंपरेंतले हे मोठे संतकवि. त्यांचा 'परमरहस्य' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ त्या समाजांत आजहि पारायणाचा ग्रंथ आहे. कार्तिकी पौर्णिमेस येथें मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर कर्नाटकांतून आणि तेलंगणांतूनहि भाविक येतात, लातूर-नांदेडकडच्या दिंड्या पायीं चालत येतात. हें लिहितांना थोडी शरम वाटते. मराठी संतांचीं नांवें घ्यावयाचीं झालीं म्हणजे आमच्यासारख्या घरांत ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास इतकीं बोटें मोडून आपण थांबतों. शेजारच्या आळींत पिढ्यान् पिढ्या दुसरा एक मराठी ग्रंथ तितक्याच भक्तीनें वाचला जात आहे, याची वार्ताहि आपल्या कानीं नसते. आजोबांस ती होती. "बाबा येथें आले म्हणजे आधीं समाधीपुढें बसत, मग धबधबा," असें आत्यानें सांगितलें, आणि आम्हांसहि तोच क्रम पाळावा लागला. गाभाऱ्यांत दोन्ही कॅमेरे बंद ठेवण्याचा तिचा हुकूम दोन्ही पक्षांनीं मुकाट्यानें मानला.

देवळापासून जवळच कड्यावरून धार कोसळते. उन्हाळ्यांत जेथें काळ्या दगडावर ओल्या रेघेवांचून कांहीं दिसूं नये, तेथें त्या दिवशीं पाण्याचा असा लोट होता कीं बोलणें ऐकूं येईना. तुषार पंधरा-वीस पावलांवरून चष्म्यावर येत होते.

धबधबा म्हणजे नवशिक्या छायाचित्रकारास लावलेला गळच. पाणी दुधासारखें पांढरें, आणि मागचा कडा भिजलेला, जवळ जवळ काळा. प्रकाशमापक दोहोंची सरासरी काढून मोकळा होतो. ती सरासरी पाण्यासहि लागू पडत नाहीं आणि खडकासहि नाहीं. झेनिटवरील प्रकाशमापक तर वयोमानानें आंधळा झालेला. तेव्हां पुतण्या जुन्या ठोकताळ्यानें चालला होता. शंभर क्रमांकाची फिल्म. लख्ख उन्हांत भिंगाचें तोंड सोळावर ठेवावें आणि शटरची गति फिल्मच्या क्रमांकाच्या जवळची, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग घ्यावी. दरींतल्या सावलींत त्याच्या सोळापट प्रकाश आंत घ्यावा लागतो. हा हिशेब तो तोंडानें पुटपुटत करी, आणि प्रत्येक चित्र काढल्यावर एका लहान वहींत अनुक्रमांक, भिंगाचा आंकडा, शटरची गति आणि 'ढग आला', 'डावीकडून ऊन' असा दोन शब्दांचा शेरा लिही. एकाच जागेवरून त्यानें पाण्याचीं दोन चित्रें घेतलीं. एक पांचशेंव्या भागानें, म्हणजे थेंब थेंब जागच्या जागीं गोठावा. दुसरें तिसाव्या भागानें, म्हणजे पाण्याचे धागे व्हावे. हीं दोन चित्रें घेण्यास त्यास पंधरा मिनिटें लागलीं.

तेवढ्या वेळांत पुतणीचे साठ फोटो झाले. तिच्या मोबाइलनें धबधबा पहिल्याच फटक्यास असा काढला कीं पाणीहि ठळक आणि खडकावरचें शेवाळहि ठळक. मीं विचारलें, "हें कसें साधलें?" ती म्हणाली, "काका, मला काय ठाऊक? त्यानें काढलें." उत्तर अगदीं प्रामाणिक होतें. आजचे मोबाइल एका दाबाबरोबर कमीअधिक प्रकाशाचीं अनेक चित्रें घेतात आणि त्यांची सांधेजोड करून एक सुबक चित्र हातावर ठेवतात. फोटो उत्तम आला; परंतु तिच्या गांठीं त्यांतून कांहीं पडलें नाहीं. येथपर्यंत पुतण्याची बाजू वरचढ होती, हें मान्य केलें पाहिजे.

पिठलें-भाकरीचा डबा उघडून आम्ही एका झाडाखालीं बसलों, तेव्हां वाद पुन्हा उकरला गेला. पुतण्या म्हणाला, "जुने मोठे छायाचित्रकार फिल्मवरच शिकले ना? त्यांना कुठें लगेच फोटो दिसत होता?" येथें मात्र मला बोलावें लागलें. कारण इतिहास नेमका उलटा आहे.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. इ. स. १८५४ मध्यें मुंबईस छायाचित्रणाची सोसायटी निघाली; डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या जुन्या सभासदांपैकीं. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. त्या सुमारास जगभर जी ओल्या कांचेची पद्धति रूढ झाली, ती १८५१ मध्यें इंग्लंडांत आर्चर यानें काढलेली. कांचेवर रसायनाचा थर द्यावयाचा आणि ती ओली आहे तोंवरच चित्र घेऊन तेथल्या तेथें धुवावयाची. वाळली कीं फुकट गेली. म्हणून छायाचित्रकाराबरोबर अंधाराचा तंबूहि फिरत असे. याचा अर्थ असा कीं, त्या काळच्या शिकाऱ्यास आपली चूक थोड्याच मिनिटांत, त्याच जागीं, तोच उजेड डोळ्यांपुढें असतांना दिसे. चुकलें तर दुसरी कांच. मोबाइलचा पडदा नव्हता, पण शिकण्याच्या दृष्टीनें गोष्ट तीच. बीड ज्या निजामी राज्यांत १९४८ पर्यंत होतें, त्याच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं हा नाद घेतला तो १८७४ च्या सुमारास, इंदुरास बांधकाम खात्यांत नोकरी करतां करतां. तीं माणसें प्रत्येक टप्पा स्वतःच्या हातानें करीत, आणि चुकलेली कांच त्यांच्याच हातांत राही.

मग ही वाट पाहण्याची तपश्चर्या आली कोठून? ती आणली ईस्टमन साहेबानें, आणि ती शिकविण्यासाठीं नव्हे तर शिकण्याचा त्रास वांचविण्यासाठीं. १८८८ मध्यें त्याचा पहिला कोडॅक निघाला तेव्हां त्यांत शंभर चित्रांचा रोल भरलेला असे. तो संपला कीं कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवावयाचा, आणि ते लोक चित्रें छापून, नवा रोल भरून तो घरपोंच करीत. १९०० मध्यें एका डॉलरचा ब्राउनी आला, तो मुलांसाठीं. म्हणजे रोलची फिल्म हें त्या काळचें मोबाइलच होतें. ज्यास शिकावयाचें नाहीं, नुसता फोटो हवा आहे, त्याच्यासाठीं तें यंत्र निघालें. आज तेंच आपण नवशिक्यापुढें गुरु म्हणून उभें करतों, ही कालाची गंमत आहे.

"आणि फाळके?" पुतण्यानें शेवटचा बाण काढला.

दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण खरोखर विचार करण्यासारखें आहे. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा केलेला होता; पुढें १९१२ मध्यें विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनीं प्रथम काय केलें, तर कुंडींत एक वाटाणा पेरला आणि त्याची वाढ महिन्याहून अधिक काळ एकेक चित्र करून टिपली. तो मिनिटभराचा अंकुर पाहून भांडवल मिळालें, आणि १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. यांत धीर आहे, यांत शंका नाहीं. परंतु फाळके फिल्म कोणाकडे धुण्यास पाठवीत नव्हते. ती घरीं धुतली जाई. सरस्वतीबाई संसार सांभाळून फिल्मला भोकें पाडण्यास आणि धुण्यास हातभार लावीत. आदल्या दिवसाची चूक दुसऱ्या दिवशीं दोघांच्या डोळ्यांसमोर असे. आमचे चिरंजीव मात्र रोल कुरिअरनें पुण्यास पाठविणार होते.

जेवणें झालीं आणि आत्या उठली. जुना फोटो तिनें पिशवींत आणला होता. तो हातांत धरून आम्ही जागा शोधूं लागलों. चौऱ्याहत्तर वर्षांत झाडें बदललीं, बांधकामें वाढलीं. पण धारेच्या डाव्या अंगास कड्याचा एक सुळका नाकासारखा पुढें आलेला आहे, तो तसाच होता. त्यावरून नेम धरून आत्यास उभें केलें. पुतण्याचें अठ्ठाविसावें चित्र. त्यानें भिंग फिरविलें, मागें सरला, पुन्हा पुढें आला, वहींत पाहिलें. आत्या प्रथम हंसत होती. मग तिचें हंसणें आटलें, मग मान ताठ झाली, आणि कळ दाबली गेली तेव्हां ती पासपोर्टाच्या फोटोस बसल्यासारखी दिसत होती. फिल्मवाल्यांचा संयम फोटो काढवून घेणाऱ्यासहि सोसावा लागतो, हें त्यांच्या हिशेबांत सहसा नसतें. पुढचीं दोन चित्रेंहि तशींच. एकतिसाव्याच्या वेळीं आत्यानें एक पाऊल पाण्याकडे टाकलें. वहिनी बाजूनें ओरडल्या, "आत्या, घसराल!" आणि हात पुढें करून धांवल्या. आत्यानें चटकन् मान वळविली, आणि नेमकी त्याच क्षणीं पुतण्याकडून कळ दाबली गेली. शटर तिसाव्या भागावर. त्यानें कपाळावर हात मारला आणि वहींत लिहिलें: '३१, ४, १/३०, आजी हलल्या, फुकट.'

पुतणीचा मोबाइल चालूच होता. तिनें आत्याचे पन्नासांवर फोटो घेतले. त्यांत हंसरी आत्या होती, पाणी ओंजळींत घेणारी होती, वहिनींचा हात धरलेली होती. संध्याकाळीं घाटावर चहा पितांना तिनें ते चाळले आणि हललेले, डोळे मिटलेले, तिरपे असे सारे पुसून टाकले. शंभर-सव्वाशेंतले तीस-चाळीस चांगले तेवढे राहिले. पुसलेले फोटो महिनाभर ज्या टोपलींत पडून राहतात तीहि तिनें जागा व्हावी म्हणून तेथेंच रिकामी केली. त्या वेळीं कोणास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, मलाहि नाहीं.

रोल धुऊन येण्यास सोळा दिवस लागले. पुतण्यानें पाकीट उघडलें आणि त्याचा चेहरा फुलला. छत्तीसांपैकीं एखाददुसरें वगळतां सारीं चित्रें सारखीं उजळ! "पाहा काका, माझा ठोकताळा बरोबर होता." मीं निगेटिव्हची पट्टी मागितली आणि खिडकीशीं धरली. कांहीं चित्रें इतकीं दाट होतीं कीं त्यांतून उजेड पलीकडे येईना. कांहीं मलमलीसारखीं पातळ. छापणाऱ्याच्या यंत्रानें प्रत्येकाचें उणेंअधिक आपल्या पदरचें भरून काढलें होतें. मोबाइल पुतणीस फसवितो म्हणून हंसणारे हे गृहस्थ छपाईच्या यंत्राकडून तसेच फसले होते. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश पुष्कळ सोसते, कमी पडला तर मात्र सावलींतलें सारें गमावून बसते. डिजिटल कॅमेऱ्याचें याच्या नेमकें उलट, त्याचें पांढरें एकदां फाटलें कीं सांधत नाहीं. तेव्हां प्रकाशाचा हिशेब फिल्म कडक शिस्तीनें शिकवते, हें म्हणणें निगेटिव्हपुरतें तरी खरें नाहीं. तसा कडकपणा जुन्या स्लाइडच्या फिल्ममध्यें होता. तेथें मध्यें छापणारा नसल्यामुळें चूक असेल तशी भिंतीवर दिसे.

पण वही होती. दोन दिवस तो वही आणि निगेटिव्हची पट्टी समोरासमोर ठेवून बसला. कोणतें चित्र पातळ, त्या वेळीं काय आंकडे होते, ढग होता कीं ऊन, हें त्यानें एकेक ताडून पाहिलें. दरींतल्या सावलीचा त्याचा अंदाज सर्वत्र दुपटीनें तोकडा पडला होता, हें त्यास तिसऱ्या दिवशीं सांपडलें. हें ज्ञान दीड हजार रुपयांचें नव्हे. पुतणीच्या मोबाइलमध्येंहि प्रत्येक फोटोच्या पोटांत हे सारे आंकडे आपोआप नोंदले जातात, आणि स्वतः आंकडे ठरविण्याची सोय चांगल्या मोबाइलमध्यें असते. तिनें कधीं तें दार उघडलें नव्हतें. आणि चुकलेले फोटो तर तिच्याजवळ नव्हतेच. पुतण्याजवळ होते, कारण फिल्मवरची चूक पुसतां येत नाहीं. माझ्या पिंवळ्या पाकिटांत चुका होत्या, पण वही नव्हती. फिल्मबद्दलचा माझा निकाल मागाल तर एवढाच आहे, आणि तोहि दोन्ही पक्षांस नापसंत पडला.

छपाई आत्यापुढें ठेवली तेव्हां घरांतलीं सर्व माणसें भोंवतीं जमलीं होतीं. आत्यास मोबाइलचा पडदा नीट दिसत नाहीं. म्हणून पुतणीचे चार निवडक फोटोहि छापून आणले होते. तिनें ते पाहिले, छान आहेत म्हणाली. ओंजळीचा फोटो तिच्या मुलीस अमेरिकेंत पाठवावा असें सांगितलें. पुतण्याच्या ताठ मानेच्या तीन चित्रांवर ती मनापासून हंसली. मग तिच्या हातीं एकतिसावें आलें. कडा ठळक, सुळका ठळक, आणि आत्याचा चेहरा बाजूस ओढल्यासारखा पुसट. चौकटीच्या कडेस वहिनींचा पुढें आलेला हात. पुतण्या ओशाळून म्हणाला, "तो बिघडला, आजी. चुकून आला पाकिटांत."

आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग तिनें जुना फोटो मागितला आणि दोन्ही शेजारीं ठेवले.

"बाबा कां हलले ठाऊक आहे?" ती म्हणाली. "मास्तरांनीं बजावलें होतें, अजिबात हलायचें नाहीं. मी नाहीं हलले. पण पाण्याच्या आवाजानें मला फार भीति वाटली. मी ओंठ न हलवतां हळूच म्हटलें, बाबा, मला भीति वाटते. आणि त्यांनीं माझ्याकडे पाहिलें."

साठ वर्षें आम्ही ज्यास बिघडलेला फोटो म्हणत होतों त्याची ही हकीकत तिनें कधीं सांगितली नव्हती. आम्हीं विचारलीहि नव्हती. पुतणी उठून आपला मोबाइल घेऊन आली आणि तो क्षण तिच्याजवळ कोठें आहे कां, म्हणून वरखालीं शोधूं लागली. तिनेंहि तेव्हां कळ दाबलेली होती, हें तिला पक्कें आठवत होतें. सांपडला नाहीं. "मीच पुसला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानें आंत निघून गेली.

एकतिसावें चित्र आत्यानें ठेवून घेतलें. त्याच्या पाठीवर तारीख आणि 'कपिलधार' असें पुतण्याकडून लिहवून घेतलें. त्यानें संवयीनें खालीं भिंगाचा आणि शटरचा आंकडाहि लिहिला, तेव्हां हे काय म्हणून तिनें विचारलें आणि समजल्यावर असूं दे म्हणाली. झेनिटमध्यें आतां दुसरा रोल आहे. त्याचीं नऊ चित्रें उरलीं आहेत, आणि कार्तिकी यात्रेस तीं दोघेंहि जाणार आहेत. वही या वेळीं पुतणीनेंहि मागितली आहे.